पाण्याचा ठसका आणि दाट पेये

जेवताना कुणाला ठसका लागला की आपण पाण्याचा पेला पुढे करतो, पाठीवर थोपटतो आणि 'कोण आठवण काढतंय?' असे म्हणून तो हसण्यावारी नेतो. निरोगी माणसाच्या बाबतीत हे ठीकच आहे. पण अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला, कंपवाताने जखडलेला किंवा स्मृतिभ्रंश झालेला माणूस पाणी पिताना वारंवार ठसकू लागला, तर ती गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही. अशा माणसापुढे प्रेमाने धरलेला पाण्याचा पेलाच त्याला न्यूमोनियापर्यंत नेऊ शकतो.

या विषयावर लिहावे असे पुष्कळ दिवस मनात होते. त्याला कारणही तसेच आहे. शहरातील मोठ्या रुग्णालयातून घरी सोडताना रुग्णाच्या कागदावर कधी कधी 'दाट पेये द्यावीत' एवढीच एक ओळ लिहिलेली असते. किती दाट, कशाने दाट आणि किती दिवस, याचा त्यात उल्लेख नसतो. ती ओळ घेऊन नातेवाईक गावी येतात आणि माझ्यासारख्या जनरल प्रॅक्टिशनरला विचारतात, "डॉक्टर, पाणी दाट करायचं म्हणजे नेमकं काय करायचं हो?" त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर आज देतो.

पाणीच का अडते?

गिळणे ही आपल्याला अगदी साधी क्रिया वाटते. प्रत्यक्षात तोंड, घसा आणि अन्ननलिका यांचे पंचवीसहून अधिक स्नायू मेंदूच्या हुकमाने एका ठरावीक क्रमाने हलतात तेव्हा एक घोट खाली उतरतो. घशात दोन वाटा आहेत. मागची अन्ननलिका आणि पुढची श्वासनलिका. घोट घशात येताच स्वरयंत्र वर उचलले जाते, त्यावरचे झाकण मिटते, श्वास क्षणभर थांबतो आणि घोट मागच्या वाटेने निघून जातो. हे सारे एखाद्या सेकंदात उरकते.

मेंदूला इजा झाली की हा क्रम बिघडतो. झाकण मिटायला थोडासा उशीर होतो. पोळीचा मऊ घास जिभेवर रेंगाळतो, त्यामुळे तेवढा उशीर चालून जातो. पाणी मात्र कुणासाठी थांबत नाही. जीभ त्याला आवरून धरण्याआधीच ते घशात ओघळते आणि उघड्या राहिलेल्या श्वासनलिकेत शिरते. म्हणूनच मऊ भात नीट खाणारा माणूस पाण्याला ठसकतो, आणि नातेवाईक चक्रावून जातात. 'भात जातो आणि पाणी कसं जात नाही?' असे ते विचारतात. कारण हेच आहे.

पेय थोडे दाट केले की ते सावकाश सरकते. बिघडलेल्या यंत्रणेला दोन क्षणांची सवड मिळते. दाट पेयाचा सारा उपयोग या सवडीत आहे. त्याने आजार बरा होत नाही, अंगात ताकदही येत नाही.

अर्धांगवायूनंतर पहिल्या काही दिवसांत साधारण निम्म्या रुग्णांना गिळण्याचा कमीअधिक त्रास होतो. सुदैवाने त्यांतील बऱ्याच जणांचा त्रास काही आठवड्यांत कमी होतो. म्हणजे दाट पेये ही अनेकांसाठी काही काळापुरती सोय असते. ती जन्माची शिक्षा ठरू नये, हेही लक्षात ठेवायला हवे.

कोणत्या खुणा पाहाव्यात?

पुढील गोष्टी घरच्या माणसांनाच आधी दिसतात.

१) पाणी, चहा किंवा ताक पिताना किंवा प्यायल्यानंतर मिनिटाभरात ठसका लागणे.

२) प्यायल्यावर आवाज ओलसर, घरघरता येणे. घोट घेतल्यावर 'आ' म्हणायला लावले की हे चटकन कळते.

३) पाणी ओठांच्या कोपऱ्यातून गळणे किंवा नाकातून परत येणे.

४) एका जेवणाला तास तास लागणे, गालात घास साठून राहणे.

५) वारंवार ताप, छातीत कफ, वजन घटणे.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. काही रुग्णांच्या घशाची संवेदनाच गेलेली असते. त्यांच्या श्वासनलिकेत पाणी जाते, पण ठसका लागत नाही. त्यामुळे 'आमचे बाबा अजिबात ठसकत नाहीत' एवढ्यावर निर्धास्त राहू नये. विनाकारण येणारा ताप आणि घरघरता आवाज यांकडे तितकेच लक्ष द्यावे.

अशा खुणा दिसल्या तर स्वतःच्या मनाने पेये दाट करायला लागू नये. आधी डॉक्टरांना दाखवावे. गिळण्याची तपासणी करणारे तज्ज्ञ म्हणजे वाचाउपचार तज्ज्ञ. बोलणे आणि गिळणे यांचे बरेचसे स्नायू एकच असल्यामुळे दोन्ही गोष्टी त्यांच्याच अभ्यासात येतात. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था या अशा तज्ज्ञांना शिक्षण देणाऱ्या नामांकित संस्था आहेत. जरूर पडल्यास बेरियम मिसळलेले पेय पाजून क्ष-किरणांखाली गिळण्याचे चलच्चित्र घेतात, किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा पाहतात. ठसका न लागता आत जाणारे पाणी या तपासण्यांत दिसते. जिल्ह्याच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी केली तर असे तज्ज्ञ कुठे भेटतील ते कळते.

गुरुजींची तहान

दाट म्हणजे किती दाट, हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे हे एका उदाहरणावरून सांगतो.

आमच्या गावचे एक निवृत्त शिक्षक. वय सत्तरीच्या पुढे. डाव्या अंगावरून वारे गेले म्हणून त्यांना शहरातील एका रुग्णालयात नेले होते. बाराव्या दिवशी घरी आणले तेव्हा कागदावर तीच ओळ होती, 'दाट पेये द्यावीत'. सूनबाई कर्तव्यदक्ष. तिने कॉर्नफ्लोअर घालून पाणी इतके आटवले की चमचा उभा राहावा! गुरुजींनी दोन चमचे घेतले आणि तोंड मिटून घेतले. पुढे चार दिवस हेच चालले. पाचव्या दिवशी मला बोलावणे आले ते 'अण्णा ग्लानीत आहेत' म्हणून.

मी पाहिले तर जीभ लाकडासारखी कोरडी, लघवी जवळजवळ बंद आणि गडद पिवळी. शरीरातील पाणी कमी झाले होते. त्यातून आदल्या रात्री त्यांनी अडखळत्या शब्दांत 'साधं पाणी' मागितले म्हणून मुलाने दया येऊन पेलाभर पाणी पाजले होते. त्यानंतर खोकला आणि सकाळी ताप. मुलगा बाहेर ओट्यावर मान खाली घालून बसला होता. सून मला म्हणाली, "डॉक्टर, पाणी दिलं तरी जीव जातो आणि नाही दिलं तरी जीव जातो. आम्ही करायचं तरी काय?"

वाचकहो, तिचा हा प्रश्न खरा आहे. ज्या ज्या घरात असा रुग्ण आहे त्या घराचा तो प्रश्न आहे. पाणी पातळ राहिले तर फुप्फुसाला धोका, आणि फार दाट झाले तर माणूस पितच नाही आणि कोरडा पडतो. या दोहोंच्या मध्ये जी जागा आहे ती नेमकी सापडावी लागते, आणि ती डोळ्यांच्या अंदाजाने सापडत नाही.

गुरुजींना सलाईन आणि प्रतिजैविके देऊन आम्ही त्या प्रसंगातून बाहेर काढले. तालुक्याबाहेरून वाचाउपचार तज्ज्ञाला आणून तपासणी करून घेतली. तेव्हा कळले की त्यांना चमचा उभा राहण्याइतके दाट मुळीच नको होते. पाण्यापेक्षा दोन पायऱ्या दाट पेय ते व्यवस्थित गिळत होते.

पायऱ्या कशा मोजायच्या?

पूर्वी आम्ही डॉक्टर मंडळी 'मधासारखे दाट', 'सरबतासारखे दाट' असे सांगत असू. पण एका घरचा मध दुसऱ्या घरच्या मधासारखा नसतो! हा घोळ मिटावा म्हणून २०१३ साली निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांनी एकत्र येऊन अन्न आणि पेये यांच्या ० ते ७ अशा पायऱ्या ठरवण्याचे काम हाती घेतले. त्यांतील ० ते ४ या पायऱ्या पेयांच्या. साधे पाणी म्हणजे ०. त्यापुढे किंचित दाट १, थोडे दाट २, मध्यम दाट ३ आणि फार दाट ४.

या पायऱ्या मोजायला महागडे यंत्र लागत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारी १० मि.लि.ची सिरिंज पुरते. सुई अर्थातच लावायची नाही. फक्त सिरिंजवरील ० ते १० या खुणांमधले अंतर ६१.५ मि.मी., म्हणजे सहा सेंटीमीटरांहून किंचित जास्त असावे. फूटपट्टी लावून पाहावे, कारण निरनिराळ्या कंपन्यांच्या सिरिंजा कमीजास्त लांबीच्या असतात. कृती अशी:

१) सिरिंजमधला दट्ट्या काढून टाका.

२) टोकावर बोट दाबून धरा आणि वरून पेय १० च्या खुणेपर्यंत भरा.

३) सिरिंज उभी धरून बोट काढा आणि घड्याळात बरोबर १० सेकंद मोजा.

४) पुन्हा बोट लावा आणि आत किती उरले ते वाचा.

१ मि.लि.पेक्षा कमी उरले तर ते पातळ, म्हणजे पायरी ०. १ ते ४ मि.लि. उरले तर पायरी १. ४ ते ८ उरले तर पायरी २. ८ पेक्षा जास्त उरले, पण थोडे तरी गळले, तर पायरी ३. थेंबही गळला नाही तर पायरी ४.

तज्ज्ञाने आपल्या रुग्णाला कोणती पायरी सांगितली आहे ते कागदावर ठळक लिहून स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवावे. म्हणजे पाळी बदलली, नणंद आली, मोलकरीण बसली, तरी पेय तेच राहते. चाचणी नेहमी रुग्ण ज्या ऊन-गार अवस्थेत पेय पिणार त्याच अवस्थेत करावी. याचे कारण पुढे येईल.

स्वयंपाकघरातील जिन्नस

आपल्याकडे पेज, कण्हेरी, आंबील हे आजाऱ्याचे पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. त्यांचा उपयोग जरूर करावा, पण थोड्या सावधगिरीने.

आरारूट किंवा कॉर्नफ्लोअर : एक कप, म्हणजे साधारण २०० मि.लि. पाण्याला किंवा दुधाला सपाट दोन लहान चमचे, एवढ्यापासून सुरुवात करावी. पीठ आधी थोड्या गार पाण्यात कालवून घ्यावे, मग उकळत्या पाण्यात ओतून सतत ढवळत दोन-तीन मिनिटे शिजवावे आणि गाळणीतून गाळावे. न शिजवलेले पीठ नुसते तळाशी बसते, त्याने पेय दाट होत नाही. मग सिरिंज लावून पाहावी आणि त्याप्रमाणे पीठ कमीजास्त करावे. दोन-तीन दिवसांत आपल्या घरचे माप बसते.

भाताची पेज : शिते असलेली पेज चालत नाही. पातळ पाणी आणि शित यांची घशात फारकत होते. पाणी आधी ओघळते, शित मागे राहते. पेज मिक्सरमधून काढून गाळून घ्यावी.

नाचणी : पिठापेक्षा सत्त्व बरे, कारण त्यात कोंड्याची कचकच नसते. नीट शिजवून गाळावे.

चहा : गुरुजींना पाण्यापेक्षा चहाची तहान मोठी होती. चहा नेहमीप्रमाणे करून गाळावा, मग त्यात आरारूट कालवून एक उकळी द्यावी. ज्या दिवशी गुरुजींना सकाळी सहाचा चहा पुन्हा मिळाला, त्या दिवसापासून त्यांनी तोंड मिटणे सोडले, असे सूनबाईंनी मला सांगितले. रुग्णाची आवड सांभाळली की अर्धे काम होते.

ताक आणि लिंबू : आंबट पदार्थाबरोबर पीठ उकळले तर दाटपणा टिकत नाही. म्हणून दाट पाणी आधी करून कोमट होऊ द्यावे, लिंबू किंवा ताक नंतर मिसळावे आणि पुन्हा मोजावे.

पिठाच्या पेयांचे तीन गुणधर्म लक्षात ठेवा. पहिला, ती गार होताना आणखी दाट होतात. उकळते असताना बरोबर वाटलेले पेय अर्ध्या तासाने खळीसारखे होते. म्हणून पिण्याच्या वेळी मोजायचे. दुसरा, आपल्या लाळेतील पाचक द्रव्य पिठाला पातळ करते. तोंडातला उष्टा चमचा पुन्हा कपात बुडवत राहिलात तर दहा-पंधरा मिनिटांत तळाचे पेय पाण्यासारखे होऊ शकते. त्यासाठी मोठ्या कपातून छोट्या वाटीत थोडे थोडे काढून पाजावे. तिसरा, पीठ म्हणजे साखरेचाच भाऊ. मधुमेह असेल तर दिवसाभरात पोटात जाणारे पीठ हिशेबात धरावे आणि तसे आपल्या डॉक्टरांना सांगावे.

औषधाच्या मोठ्या दुकानांत 'थिकनर' या नावाने तयार भुकट्याही मिळतात. त्यांत बहुधा झँथन नावाचा डिंक असतो. तो लाळेने पातळ होत नाही, शिजवावा लागत नाही आणि वेळ गेला तरी फारसा बदलत नाही. किंमत जास्त, पण परवडत असेल तर सोयीचा. डब्यावर लिहिलेल्या मापानेच घालावा, लगेच ढवळावा आणि सांगितलेली मिनिटे थांबावे. दुधात त्याला जास्त वेळ लागतो. 'अजून पातळच आहे' म्हणून घाईने आणखी चमचा टाकला की थोड्या वेळाने त्याची जेली होते!

हे मात्र करू नका

इसबगोल : पाण्यात फुगते म्हणून काही घरांत पाणी दाट करायला इसबगोल वापरतात. हे फार धोक्याचे आहे. इसबगोल घशात किंवा अन्ननलिकेत फुगून बसते आणि वाट बंद होऊ शकते. गिळण्याचा त्रास असलेल्या माणसाला ते देऊच नये. सब्जाचे बीही तसेच टाळावे.

कोरडी भुकटी : तयार भुकटीचा डबा रुग्णाच्या हाती लागेल असा उशाशी ठेवू नये. २०१५ साली ब्रिटनच्या आरोग्यसेवेने याबाबत सर्व रुग्णालयांना इशारा दिला होता, कारण भुकटी कोरडीच खाल्ल्याने एका रुग्णाचा घसा बंद होऊन मृत्यू झाला होता. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या बाबतीत हे विशेष जपावे.

पोट साफ होण्याचे औषध : पॉलिइथिलीन ग्लायकॉल असलेली जुलाबाची पावडर पिठाने दाट केलेल्या पेयात मिसळली तर ते पेय एकदम पातळ होते. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २०२१ साली याचीही सूचना दिली आहे. बद्धकोष्ठासाठी हे औषध सर्रास दिले जाते, म्हणून औषध घेताना गिळण्याचा त्रास असल्याचे डॉक्टरांना आणि दुकानदारालाही सांगावे.

गोळ्या : सगळ्याच गोळ्या कुटून देता येत नाहीत. हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली गोळी कुटली तर सारा डोस एकदम अंगात जातो. विचारल्याशिवाय कुटू नये.

फसवे पदार्थ : आइस्क्रीम, कुल्फी आणि जेली दिसायला घट्ट, पण तोंडात विरघळून पाणी होतात. कलिंगड, द्राक्षे, दुधातले पोहे, पातळ रश्शात कुस्करलेली भाकरी यांत पाणी आणि घन पदार्थ एकत्र असतात. पातळ पेय बंद असेल तर हेही बंद.

तान्ही मुले : बाळ दूध ओकते म्हणून स्वतःच्या मनाने दूध दाट करू नये. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आतड्यांना झँथनयुक्त पदार्थाने गंभीर इजा होण्याचा धोका असल्याचा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ साली दिला होता. बाळाचा प्रश्न बालरोगतज्ज्ञांचाच.

पाजण्याची रीत

पेय कितीही नीट केले तरी पाजण्याची रीत चुकली तर उपयोग नाही. रुग्णाला खुर्चीत किंवा पलंगावर उशा लावून ताठ बसवावे. झोपवून कधीही पाजू नये. पाजणाऱ्याने उभे न राहता समोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसावे. आपल्याकडे तांब्या किंवा बाटली उंच धरून मान मागे टाकून वरून पाणी पिण्याची पद्धत आहे. ती या माणसांसाठी सर्वांत वाईट, कारण हनुवटी वर गेली की श्वासनलिकेची वाट मोकळी होते. हनुवटी सरळ किंवा किंचित खाली असावी.

लहान चमचा, लहान घोट. पहिला घोट उतरल्याची खात्री झाल्यावरच दुसरा. मध्ये बोलायला लावू नये, टीव्ही बंद ठेवावा. पेंगत असेल तर जागा होईपर्यंत थांबावे. झाल्यावर तोंड आतून पाहावे आणि निदान अर्धा तास तसेच बसू द्यावे.

याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे तोंडाची स्वच्छता. श्वासनलिकेत गेलेल्या पाण्यापेक्षा त्याबरोबर जाणारे तोंडातले जंतू जास्त घात करतात. जपानमधील ११ वृद्धाश्रमांत झालेला एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. दर जेवणानंतर दात आणि तोंड साफ केलेल्या वृद्धांत न्यूमोनियाचे प्रमाण कमी आढळले. तेव्हा दात नसले तरी हिरड्या, जीभ आणि गालाची आतली बाजू मऊ ब्रशने किंवा ओल्या फडक्याने रोज दोन-तीन वेळा पुसावी. कवळी रात्री काढून धुवावी. याला एक पैसा लागत नाही.

दाट पेयांची मर्यादा

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २००८ साली अमेरिकेत कंपवात आणि स्मृतिभ्रंशाच्या ५१५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना दाट पेये दिली, तर काहींना हनुवटी खाली करून साधे पातळ पेय पिण्यास सांगितले. तीन महिन्यांनी पाहिले तर न्यूमोनियाच्या प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. उलट दाट पेये घेणाऱ्यांत शरीर कोरडे पडण्याचे प्रमाण अधिक होते. याचा अर्थ दाट पेये निरुपयोगी आहेत असा नाही. ज्याला खरी गरज आहे त्याच्या घशाला ती आधार देतात. पण ती सरसकट, वर्षानुवर्षे आणि फेरतपासणीशिवाय देऊ नयेत, हा त्यातला धडा.

म्हणून रोजचा हिशेब ठेवावा. दिवसाकाठी किती कप पोटात गेले ते वहीत लिहावे. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार नसेल तर साधारण दीड लिटर द्रव जायला हवे. असेल तर डॉक्टर सांगतील तेवढे. लघवी गडद झाली, जीभ कोरडी पडली, माणूस असंबद्ध बोलू लागला, तर वाट पाहू नका.

तहानेवर एक उपायही आहे. अमेरिकेत लुईव्हिल येथील फ्रेझियर पुनर्वसन रुग्णालयात १९८४ सालापासून निवडक रुग्णांना जेवणाच्या मधल्या वेळात, तोंड स्वच्छ करून, साधे पाणी देण्याची पद्धत सुरू झाली. जेवणाबरोबर पाणी नाही, जेवणानंतर निदान अर्धा तास नाही, आणि गोळीबरोबर तर मुळीच नाही. स्वच्छ तोंडातून गेलेले थोडे पाणी फुप्फुस शोषून घेऊ शकते, हा त्यामागचा विचार. ही सवलत कोणाला द्यायची ते तज्ज्ञानेच ठरवायचे असते. गुरुजींना ती दुसऱ्या महिन्यात मिळाली. सकाळी तोंड घासून ते फुलपात्रातले चार घोट साधे पाणी पीत. तिसऱ्या महिन्यात फेरतपासणी झाली आणि त्यांची पायरी दोनवरून एकवर आली.

शेवटच्या टप्प्यातील माणसे

प्रत्येक रुग्ण गुरुजींसारखा सुधारत नाही. स्मृतिभ्रंशाच्या अखेरच्या टप्प्यात किंवा असाध्य कर्करोगात गिळणे दिवसेंदिवस कमीच होत जाते. तिथे कोणतीही पायरी धोका पूर्ण टाळू शकत नाही. अशा वेळी घरच्यांनी आणि डॉक्टरांनी एकत्र बसून मोकळेपणाने बोलावे. माणसाला जे आवडते ते, जागे असताना, ताठ बसवून, चमच्याचमच्याने, धोका समजून उमजून देणे हाही एक विचारपूर्वक घेतलेला वैद्यकीय निर्णय असतो. त्यात कुणी कर्तव्यात कसूर केली असे होत नाही. ओठ आणि जीभ ओल्या कापसाने वरचेवर भिजवली तरी कोरडेपणाचा त्रास पुष्कळ कमी होतो. अखेरच्या घटकेला तोंडात पाणी घालण्याची आपली रीत आहे. पण तहान भागवण्याचे काम त्या घटकेच्या कितीतरी आधी सुरू करावे लागते.

शेवटी एक विनंती. तुमच्या घरात 'दाट पेये द्यावीत' असा कागद आला असेल तर रुग्णालयातून निघण्यापूर्वी चार प्रश्न विचारून घ्या. कोणती पायरी? कशाने दाट करू? दिवसाला किती पाजू? फेरतपासणी कधी? उत्तरे त्याच कागदावर लिहून मागा. आणि कागद आधीच घरी आला असेल, त्यावर तारीख नसेल, महिने लोटले असतील, तर या आठवड्यातच रुग्णाला पुन्हा दाखवा. कदाचित त्याची पायरी बदलली असेल आणि तो अजून विनाकारण दाट पाणी पीत असेल.